ओली हनुवटी

सकाळी कामाला निघताना साहेबांना उंबऱ्यावरून उचलून आत ठेवायला गेले आणि त्यांच्या हनुवटीखालचं ओलं माझ्या बोटांना लागलं. पाणी प्यायले असतील, म्हणून मी हात रुमालाला पुसला, दाराला कुलूप लावलं, एक जिना उतरले आणि तिथेच थांबले. पाण्याला वास नसतो. मी बोटं नाकाशी नेली. तो वास माझ्या ओळखीचा होता. कामावर कुणाच्या तरी तोंडातून निघालेलं, नीट न धुतलेलं दातांचं माप उघडलं की तो येतो. शिवाय शेवटचे काही महिने तो आईच्या खोलीत यायचा, तेव्हा आम्ही खिडकी उघडायचो आणि बाहेरच्या हवेबद्दल बोलायचो. मी परत वर गेले. साहेब ठेवले होते तिथेच, पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून बसले होते. वाटीतले कोरडे दाणे कालच्याइतकेच होते. परवाच्याइतकेच असावेत, मी नीट पाहिलं नव्हतं. चार दिवस त्यांचे दात वाजत होते. मी पुस्तकात डोकं खुपसून बसायचे आणि कोपऱ्यातून करकर असा बारीक आवाज यायचा. साहेब दात वाजवतात म्हणजे खूष असतात, असं आईनं सांगितलं होतं. मला बरं वाटायचं. आई जाऊन सहा आठवडे झाले होते आणि घरात निदान कुणीतरी समाधानी होतं.

साहेब म्हणजे ससा. आई तीस वर्षं एका कचेरीत टेलिफोन जोडून द्यायच्या कामावर होती. तिथल्या बड्या साहेबांचे पुढचे दोन दात असे बाहेर, आणि आता काहीतरी महत्त्वाचं बोलणार असा चेहरा करून ते तासन्‌तास काहीच न बोलता बसायचे. निवृत्तीनंतर कुणीतरी हा राखाडी ससा आणून दिला तेव्हा आईला नाव शोधावं लागलं नाही. "तीस वर्षं ज्यांच्या पुढे उभी राहिले ते आता माझ्या हातून गाजर खातात," ती म्हणायची, "बढती म्हणतात ती हीच." साहेब आले, साहेब जेवले, साहेबांचा आज मूड नाही. आई गेल्यावर मी त्यांना घरी आणलं ते टोपलीत, मांडीवर घेऊन, आणि वाटेत त्यांना अहोजाहोच करत होते. आमच्या घरात एवढा मान दुसऱ्या कुणाला मिळाला नाही.

मी कवळ्या करते. बावीस वर्षं झाली. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते आमच्याकडे येतं, आम्ही त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतो, त्यावर मेणाचा कठडा बसवतो, मेणात दात लावतो, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी हिरडी भरून शिजवतो, घासतो, चमकवतो आणि डबीत घालून परत पाठवतो. ज्याचे दात, तो माणूस आम्हांला दिसत नाही. त्याच्या साच्याबरोबर एक चिठ्ठी असते: खालचा जबडा, दात मध्यम, रंग इतक्या क्रमांकाचा. फळीवर पन्नास-साठ तोंडं उघडी पडलेली असतात आणि त्यांपैकी एकही बोलत नाही. कवळी लागत असेल तर ती परत येते, सोबत दुसरी चिठ्ठी: डाव्या बाजूला आत लागते. लागते त्या जागी डॉक्टर हिरडीवर जांभळ्या पेन्सिलीनं ठिपका देतात, कवळी बसवून काढतात, ठिपका कवळीवर उमटतो. जांभळं दिसेल तिथे आम्ही कानस लावतो. आमचे मालक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, "डॉक्टर तोंडात बघतो, आपण कवळीत बघायचं. तोंडात बघायला लागलात तर दोन्हीकडून जाल."

आईची कवळी मी केली. एवढंच मी तिच्यासाठी स्वतःच्या हातानं केलेलं आहे. आमच्या घरात मुलगी स्वयंपाकात कच्ची होती. दात निवडायला मला तीन आठवडे लागले. एक दात किंचित वाकडा लावला, तिचा मूळचा होता तसा, आणि ती आरशात बघून म्हणाली, "बाई गं, मीच आहे की ही!" नंतर कवळी लागायला लागली. दर रविवारी मी जायचे तेव्हा आई म्हणायची, अजून जरा लागतेय गं. मी तिला एक पेन्सिल देऊन ठेवली होती. ती आत जाऊन आरशापुढे स्वतःच ठिपका लावायची, कवळी बसवायची, काढायची, धुऊन न घेता माझ्या हातात द्यायची. मी खिडकीशी बसून जांभळं घासायचे. खालचा जबडा, डावीकडे, जिभेच्या बाजूनं. पुढच्या रविवारी थोडं मागे. त्याच्या पुढच्या रविवारी थोडं वर. आठ महिने. कवळी इतकी पातळ झाली की उजेडापुढे धरली तर पलीकडचा पडदा दिसायचा. मला मनातून आईचाच राग यायचा. वाटायचं, जपून चावत नाही, सवय करून घेत नाही, लहान मुलासारखी कुरकुर करते. एकदा मी म्हटलंही, "आई, लोकांच्या तीन आठवड्यांत बसतात." ती म्हणाली, "लोकांचं तोंड गरीब असेल, माझं आधीपासूनच वाईट." आम्ही हसलो. पुढे तिच्या डॉक्टरांनी एका साध्या खोकल्यासाठी तोंड उघडायला लावलं, आणि ते बॅटरी विझवून खुर्चीत मागे टेकले. जिभेखालची गाठ दिसायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यानंतर चार महिने. त्यातला शेवटचा दवाखान्यात.

प्राण्यांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी साहेबांना टॉवेलात गुंडाळलं, गालाच्या फटीतून एक दिवा लावलेली नळी आत घातली आणि मला म्हणाल्या, "या, बघा." मी म्हटलं, मला इथून दिसतंय. "दिसत नाहीये. इकडे या." सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. मागच्या दाढांना आतून टोकं आली होती, काट्यांसारखी, आणि जीभ हलेल तिथे तिथे कापली गेली होती. "दात वाजवत होता का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, पण ते खूष असले की वाजवतात ना? "खूष असला की हलके वाजवतो. मांजर गुरगुरतं तसं. दुखलं की करकरा चावतो. ऐकलं की कळतं." मग माझ्याकडे बघून, जरा सौम्यपणे, "सगळ्यांनाच नाही कळत. ससा दुखणं दाखवत नाही. दाखवेल तो आधी खाल्ला जातो, म्हणून. तुम्ही काय करता?" मी म्हटलं, नोकरी.

त्यांनी भूल देऊन टोकं घासून काढली. भूल उतरताना मला सांगितलं की याचं पोट रिकामं राहिलं तर तो दोन दिवसांत जाईल. म्हणून दर चार तासांनी पातळ लापशी पिचकारीनं तोंडात, आणि दुखणं कमी करायचं औषध सकाळ-संध्याकाळ. जबड्यातही काहीतरी हाताला लागतंय, ते लक्षात ठेवा. "तो म्हातारा आहे," त्या म्हणाल्या. त्या सारखं तो-तो म्हणत होत्या, आणि टोपली घेऊन घरी पोचेपर्यंत माझ्याही तोंडी तो झाला होता.

मला हे काम जमलं. इतकं जमलं की मलाच नवल वाटलं. दुपारी मी कामावरून घरी यायचे, चपला न काढता पाणी गरम करायचे, लापशी कालवायची, टॉवेल पसरायचा, त्याला मध्ये ठेवून आधी डावी बाजू, मग उजवी, मग मागची घट्ट ओढून घ्यायची, नुसतं डोकं बाहेर. पिचकारी समोरून नाही, बाजूच्या फटीतून, थोडं थोडं, गिळेपर्यंत थांबून. किती गेलं आणि किती बाहेर आलं हे भिंतीवरच्या कागदावर लिहायचं. त्याच्या लेंड्या मोजायच्या. आईच्या वेळी मी असं काही केलं नव्हतं. तिच्या वेळी नर्स होती, शेजारच्या काकू होत्या, आणि मी संध्याकाळी फळं घेऊन जायचे, जी तिला खाता येत नव्हती. आता कागद भरत गेला तसं मला हलकं वाटायला लागलं. दादाचा परगावाहून फोन आला.

"काय गं ठमे, काय चाललंय?"

"लापशी भरवतेय."

"अजून? अगं तो ससा आहे, वारस नाही."

"आईचा आहे."

"आईची शिलाई मशीनपण होती. ती दिलीस ना काकूंना? हादेखील दे." मग, "तुला राग येईल, पण बोलतो. एवढं आधी केलं असतंस तर."

"तू काय केलंस?"

"मी काहीच नाही केलं. म्हणून मी शांत झोपतो," दादा म्हणाला. तो असाच बोलतो. फोन ठेवल्यावर मी उरलेली लापशी भरवली. जरा जोरात गेली. त्याला ठसका लागला, नाकातून थोडी बाहेर आली, आणि मी ती पुसली.

दहा दिवसांनी जबड्याखाली गाठ हाताला लागायला लागली. आधी वाटाण्याएवढी, मग बोराएवढी. डॉक्टरबाई म्हणाल्या, पू हाडात आहे, तो बाहेर येत नाही, घट्ट होतो. शस्त्रक्रिया करता येईल पण या वयात मी सांगणार नाही. विचार करा, म्हणाल्या. मी विचार करते म्हटलं आणि केला नाही. औषधाची बाटली मात्र तेवढीच राहिली. हे मला लिहायला हवं. औषध दिलं की तासाभरात त्याला तरतरी यायची, आणि तरतरी आली की तो पिचकारीशी झगडायचा. टॉवेलातून पाय काढायचा, मान फिरवायचा, एकदा त्यानं माझ्या मनगटावर नख ओढलं. औषध नसलं की तो मुकाट बसायचा. टॉवेलात ठेवला तसा राहायचा, तोंडात येईल ते गिळायचा, डोळे अर्धे मिटलेले. कागदावरचा आकडा चांगला यायचा. मी आधी एक वेळचं चुकवलं, विसरून. मग आठवण असताना. औषधाआधी जेवण, असा मी स्वतःशी नियम केला, आणि जेवणानंतर वाटायचं, आता शांत बसलाय, कशाला छळायचं. तो खरंच शांत बसलेला असायचा. आईही शांत असायची. नर्स म्हणायची, तुमची आई फार गुणी, काही मागत नाही.

एका संध्याकाळी मी त्याला टॉवेलात घेतलं आणि पिचकारी भरलीच नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघत अंगठा गाठीवर ठेवला. नुसता ठेवला. तो हलला नाही. मग जरा दाबला. मला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. त्यानं ओरडावं, चावावं, इथे दुखतंय असं एकदा तरी स्वच्छ सांगावं. कुणीच मला सांगितलं नव्हतं. मी दाबत गेले. गाठ दगडासारखी होती, आणि तिच्याखाली त्याची नाडी माझ्या अंगठ्याला लागत होती. त्याचे कान मागे गेले, डोळ्यांचा पांढरा काठ दिसायला लागला, श्वास इतका भराभर की तो श्वास न राहता थरथर झाला. पण आवाज नाही. मी म्हटलं, "बोल ना." माझा आवाज रिकाम्या खोलीत अगदी रोजच्यासारखा होता, कामावर कुणाकडे चिमटा मागावा तसा. मी अंगठा काढला तेव्हा केसांत त्याचा खळगा राहिला होता. मग मी लापशी कालवली आणि त्यानं ती सगळी घेतली, एक थेंबही न सांडता. कागदावर त्या दिवसाचा आकडा सगळ्यांत चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि दुपारी शेजारच्या काकू आल्या. माझ्या नव्हे, आईच्या शेजारच्या. शिवणकाम करतात, आई दवाखान्यात असताना साहेब त्यांच्याकडेच होते. आईची किसणी त्यांच्याकडे राहिली होती ती परत द्यायला आल्या होत्या. बसता बसता त्यांनी भिंतीवरचा कागद बघितला, पिचकारी बघितली, टॉवेल बघितला.

"अगं बाई, हे काय दवाखाना मांडलायस? साहेबांना सरळ बशीत किसून का नाही देत? मऊ असलं की खातात की ते. म्हणून तर किसणी आणली."

"तुम्ही किसून द्यायचात?"

"आई तुझी द्यायची ना! थंडी सुरू झाली तेव्हापासून. गाजर किसायचं, दाणे भिजवायचे, पाला अगदी बारीक. दोघांचं एकदमच व्हायचं. एक चमचा त्यांना, एक साहेबांना. मी म्हणायचे, पंगत बसली." त्या हसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "त्यांनीच ओळखलं, साहेबांचं तोंड दुखतंय म्हणून. म्हणाल्या, मला कळणार नाही तर कुणाला?"

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

काकूंनी किसणी माझ्या हातात दिली. "मी म्हटलं होतं, लेकीला विचारा, दातांतलं तिला कळतं. तर म्हणाल्या, नको हो, ती लगेच कानस घेऊन बसेल." त्यांना वाटलं मी हसेन. मी हसले. हसले म्हणून त्या पुढे बोलत राहिल्या. "तुला वाईट वाटू नये म्हणून जपायच्या गं. कवळीसुद्धा रविवारीच घालायच्या, तू यायच्या आधी. एरवी कपाटात. मी तेव्हा आतच असायचे ना, आरसा धरायला, पेन्सिल लावताना."

"आरसा?"

"हात थरथरायचा त्यांचा. आणि खऱ्या जागी पेन्सिल टेकवली की पाणी यायचं डोळ्यांतून. मग जिथे कमी झोंबेल तिथे लावायच्या. मी म्हणायचे, अहो वहिनी, हे चुकीच्या जागी होतंय. म्हणायच्या, असू दे, तिला काहीतरी घासायला हवं."

मी चहा केला. काकूंनी साखर कमी म्हटलं. त्यांनी बशीत थोडं गाजर किसून साहेबांपुढे ठेवलं, 'घ्या साहेब' म्हटलं, आणि त्यानं हुंगलं, जीभ लावली, आणि मान फिरवली. "आता नाही होत वाटतं," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं नाही. त्या गेल्यावर मी बशी धुतली. आठ महिन्यांचे रविवार मी एक एक करून आठवायचा प्रयत्न केला, आणि दर वेळी दिसलं ते खिडकीशी बसलेलं माझं वाकलेलं डोकं, आणि हातातली गुलाबी चकाकी. आई कुठे उभी असायची ते आठवेना. मी कवळीत बघत होते.

सकाळी डॉक्टरबाईंच्या टेबलावर त्यांनी गाठ चाचपली आणि हात मागे घेतला. "खूप दुखतंय याला," त्या म्हणाल्या. "औषध दोन्ही वेळ देत होता ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग ते पुरत नाहीये. थांबा, आधी एक जोरदार देते, निदान तपासू तरी शकेन." त्यांनी सुई दिली. आम्ही दोघी उभ्या राहिलो. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं आणि त्याची मालकीण त्याला शिकल्यासवरल्या माणसाला समजवावं तसं समजावत होती. पंधरा-वीस मिनिटांनी साहेबांचे कान उठले. एक, मग दुसरा. त्यांनी पाय पोटाखालून काढले, टेबल हुंगलं, हुंगत हुंगत कडेपर्यंत गेले. तिथे आधीच्या कुठल्यातरी सशासाठी ठेवलेली मुळ्याच्या पाल्याची जुडी पडलेली होती. त्यांनी एक पान ओढलं आणि खायला सुरुवात केली. माझ्यादेखत. देठापासून, पान आत आत ओढत, भराभर, तो आईच्या घरी नेहमी ऐकलेला कुरकुर आवाज करत. पंचवीस दिवस मी पिचकारीनं जे भरत होते ते एका पानापुढे काहीच नव्हतं असं झालं.

"भूक होतीच याला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुखणं थांबलं की खातात. पण हे सुईमुळे हं, गैरसमज नको. चार तास टिकेल. गाठ तशीच आहे, ती आता जात नाही. रोज ही सुई देता येणार नाही." त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा. "याला आजच कायमचं झोपवायचं म्हणत असाल तर घाई नाही. चार तास घरी न्या हवं तर. पोटभर खाऊ दे. मग आणा."

साहेबांनी दुसरं पान ओढलं. मला माहीत होतं चार तासांत काय होईल. मी त्यांना घरी नेईन, बशीत किसून देईन, ते खातील, मी कागदावर लिहीन, आणि चौथ्या तासाला ते बरे होताहेत असं ठरवून टाकीन. पाचव्या तासाला ते कोपऱ्यात पाय पोटाखाली घेऊन बसतील आणि मी म्हणेन, शांत बसलेत. मी टॉवेल पसरेन. मी यात किती हुशार आहे हे मला आता पुरतं कळलं होतं. चार तासांचं खाणं त्यांचं होतं, हेही मला कळत होतं, आणि ते मी त्यांच्या तोंडातून काढून घेत होते.

"आत्ताच करा," मी म्हटलं.

"खाऊन होऊ दे याचं."

"नको. खाताना."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. त्या बघण्यात माझ्याबद्दल फारसं चांगलं काही नव्हतं. मग त्या वळल्या आणि कपाट उघडलं. पहिली सुई झोपेची असते, त्यांनी सांगितलं, नंतरची दुसरी. धरणार का? मी म्हटलं, धरायला नको, ते हलत नाहीयेत. मी नुसता हात त्यांच्या पाठीवर ठेवला. त्यांच्या खाण्याची थरथर पाठीतून हाताला लागत होती. पहिल्या सुईनंतरही ते खात राहिले, मग सावकाश, मग एकेक चावा बराच वेळ विचार करून घेतल्यासारखा. डोकं टेबलावर टेकलं. जबडा आणखी दोनदा हलला. दुसरी सुई कधी दिली ते मला कळलं नाही.

पान अर्धं आत होतं आणि अर्धं बाहेर. वाईट दिसत होतं. मी बोटानं ते ओढून काढायला गेले, ते निघेना. दात त्यावर मिटलेले होते. मी जरा जोर लावला.

"राहू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी राहू दिलं.